दीड बोट उघडणारं तोंड

माणूस भेटला की मी आधी त्याचं तोंड किती उघडतं ते बघते. मग दात, मग मान. चेहरा नंतर. सवय चांगली नाही, पण एकतीस वर्षं धुळ्याच्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची मावशी म्हणून काम केलं, ती आता कुठे जाणार.

लोकांना वाटतं भूल म्हणजे झोप. झोप नाही ती. झोपेत माणूस श्वास घेतो. भुलीच्या औषधाने सगळं अंग ढिलं पडतं, छाती पण, आणि श्वास थांबतो. मग तो डॉक्टरांनी द्यायचा. आधी नाकातोंडावर मास्क दाबून हाताने फुगा पिळायचा. मग तोंड उघडून आत दिव्याची लोखंडी पट्टी घालायची, जीभ बाजूला सारायची आणि श्वासाच्या वाटेत नळी सरकवायची. त्या पट्टीला आम्ही स्कोप म्हणायचो. नळी बसेपर्यंत मिनिटभर जातं, कधी दोन. तेवढा वेळ थिएटरात कोणी बोलत नाही.

माझं काम ट्रे लावायचं. मी चौथी शिकलेली. नळीवरचे आकडे इंग्रजीत असतात, सात, साडेसात, आठ. ते पहिल्याच महिन्यात शिकले. नळीच्या टोकाला छोटा फुगा असतो. तो सिरिंजने फुगवून पाण्याच्या वाटीत धरायचा, बुडबुडे आले की नळी बाद. स्कोपचा बल्ब घट्ट बसलाय का बघायचं. बांधायला पट्टी कापून ठेवायची. पूर्वी नळ्या लाल रबराच्या होत्या आणि धुऊन पुन्हा वापरायच्या. आत ब्रश घालून किती माणसांची थुंकी काढली त्याची गणती नाही. त्यात मोठेपणा नाही आणि कमीपणाही नाही. कोणीतरी काढायलाच हवी.

एक माणूस मात्र मला अजून आठवतो. मार्केटात पोती उचलणारा, दणकट, आतड्याच्या ऑपरेशनला आलेला. झोपवला, भूल देणाऱ्या साहेबांनी तोंड उघडायला हात घातला, आणि तोंड उघडेना. तंबाखू-सुपारीने गाल आतून चामड्यासारखे झाले होते. पट्टी आत शिरेना. मास्कने हवा जाईना, कारण दाढी दाट आणि मान बैलासारखी. साहेबांनी सगळं केलं. शेवटी हवा जावी म्हणून गळ्याला सुई टोचली. मी दिवा धरून उभी होते. आधी त्याचे कान निळे पडले, मग नखं. तो गेला.

बाहेर त्याच्या बायकोला सांगितलं तेव्हा ती रडली नाही लगेच. म्हणाली, "त्यास्नं तोंड उघडे नही, हाई माले मालूम व्हतं. माले कोणी इचारंच नही."

तेव्हापासून आमचे साहेब प्रत्येकाच्या तोंडात तीन बोटं उभी घालून बघायचे. तीन बोटं मावली की तोंड चांगलं. दोन म्हणजे सांभाळून. त्याच्या खाली असेल तर आज घरी जा. मी पण बघायला लागले. लग्नात, बसमध्ये, बाजारात. बोटं न घालताच कळतं आता.

माझा धाकटा भाऊ सावद्याला असतो. केळीचा बाग आहे, शिवाय दुसऱ्यांच्या केळीच्या गाड्या भरून द्यायचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पित्ताशयात खडे निघाले. दुखलं की गुरासारखा ओरडायचा. जळगावच्या एका दवाखान्यात दुर्बिणीने काढायचं ठरलं. भावजय वारलेली, म्हणून भाच्याचा फोन आला, "आत्या, चार दिवस याल का?" मला जायचं नव्हतं. गुडघे दुखतात, आणि निवृत्त झाल्यावर दवाखान्याचा वास नको वाटतो. पण भाऊ आहे. गेले.

पहिल्याच जेवणाला मी त्याच्याकडे बघत बसले. भरीत-भाकरी होती. सगळ्यांनी भाकरी मोडून खाल्ली. याने ताटात वरण मागून घेतलं, भाकरी चुरली, त्यात कालवली आणि दोन बोटांनी आत ढकलली, पेटीच्या फटीतून चिठ्ठी टाकावी तशी. भावाची सून म्हणाली, "बाबांचं जेवण शांत असतं. चार वर्षांत असं हळू खायला लागलेत."

जेवणानंतर मी त्याला ओट्यावर गाठलं.

"आ कर."

"कायले?"

"कर म्हणते ना."

त्याने केलं. मी बोटं घातली. एक गेलं, दुसरं अर्धं गेलं. दीड बोट. पुढे गाल तारेसारखे ताठ.

"कधीपासून असं आहे?"

"अवं अक्का, आपरेशन पोटाचं हाये. तोंडाचा काय संबंध?"

मी त्याला सांगितलं. श्वास थांबतो, नळी घालावी लागते, ती तोंडातून जाते. मार्केटातल्या माणसाचं पण सांगितलं, कान निळे पडले तेही. तो ऐकत होता. मग शर्टाच्या खिशातून रबरबँड लावलेला आइसक्रीमच्या काड्यांचा जुडगा काढून माझ्या हातात दिला. दाताच्या डॉक्टरने दिल्या होत्या. रोज दातांत धरायच्या आणि एकेक वाढवत जायचं. बारा काड्यांच्या पुढे तो गेला नव्हता. म्हणजे त्याला माहीत होतं. फक्त घरात कोणाला माहीत नव्हतं.

"गुटखा खातो अजून?"

त्याने काड्या परत घेऊन खिशात घातल्या.

"कुठे ठेवतो पुड्या?"

"विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत."

खरी अडचण पुढची होती. चार वर्षांपूर्वी नात झाली तेव्हा सुनेने हट्ट धरला होता की बाबांनी गुटखा सोडल्याशिवाय मुलगी त्यांच्या मांडीवर देणार नाही. मग याने बारशाच्या दिवशी सगळ्यांसमोर पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आमच्याकडे लेकराच्या डोक्यावरची शपथ मोडली की ती लेकरालाच लागते असं मानतात. मधल्या वर्षी पोरीला झटका आला होता. तापामुळे आला, डॉक्टरने तसं सांगितलं, पण सून अजून तापाच्या नावाने सुद्धा दचकते. आणि हा चार वर्षं मोटारीच्या खोलीत जाऊन खात होता.

"तिले कळलं तं पोरीले घेऊन माहेरी जाईन," तो म्हणाला. "माह्या तोंडाकडे पाहणार नाही ती."

"मेल्यावर कोणीच पाहत नाही."

"तू तं येताच मारायले लागली मले."

मी त्याला वाट काढून दिली. म्हटलं, डॉक्टरला सांग, चार वर्षांपूर्वी सोडलं. सोडलं तरी आखडलेलं तोंड सैल होत नाही. शपथेचा विषयच निघणार नाही. डॉक्टरला फक्त तोंडाचं कळायला हवं. तो "हो" म्हणाला. भाऊ "हो" म्हणतो तेव्हा तो काही करणार नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण मी थकले होते. विश्वास ठेवला.

जळगावला आदल्या दिवशी भरती केलं. तिथल्या शिकाऊ डॉक्टरने फॉर्म भरला. खुर्चीत बसून, मान खाली घालून. "बीपी? शुगर? ॲलर्जी? तंबाखू, गुटखा?"

"चार वर्षांपूर्वीच सोडलं," सूनच बोलली. अभिमानाने.

"तोंड उघडतं ना नीट?"

भावाने दात दाखवले. हसल्यासारखे. त्या शिकाऊ पोराने फॉर्मवर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी म्हटलं, "बोटं घालून बघा."

"आजी, पेशंटला बोलू द्या."

भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. मी भाच्याला बाहेर घेऊन सांगितलं. तो समंजस मुलगा आहे, बँकेत आहे, पण म्हणाला, "आत्या, त्यांनी भरलंय ना फॉर्म. उद्या मोठे डॉक्टर बघतीलच." मग नर्सला सांगितलं. ती म्हणाली, "हो हो, सांगते सरांना," आणि सलाईन बदलायला गेली. तिचाही दोष नाही. दिवसाला अशा पन्नास म्हाताऱ्या तिला काहीतरी सांगत असतील. मी पण अशा म्हाताऱ्यांना "हो हो" म्हटलेलं आहे.

सकाळी भावाला हिरवे कपडे घातले. पहिली केस त्याचीच. सून नातीला घेऊन पलंगाशी बसली होती. मी उठले.

भूल देणारे डॉक्टर एका दवाखान्याचे नसतात. आपली बॅग घेऊन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पळत असतात, आणि पुढच्या दाराने कधी येत नाहीत, कारण तिथे नातेवाईक धरतात. ते मागून येतात, जिथे चादरी वाळत असतात. दवाखाना कुठलाही असो. मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. हिरव्या चादरींचं पाणी डोक्यावर ठिबकत होतं.

अर्ध्या तासाने गाडी आली. पन्नाशीचा माणूस, हातात बॅग, डोळे झोप न झालेले.

"साहेब, जरा थांबा."

"नातेवाईकांनी पुढच्या बाजूला बसायचं, आजी."

"मी धुळ्याला थिएटरात होते. एकतीस वर्षं. तुमची पहिली केस माझा भाऊ आहे. तोंड दीड बोट उघडतं."

ते थांबले. "फॉर्मवर तर सगळं नॉर्मल आहे."

"फॉर्म भरणाऱ्याने मान वर केली नाही."

"मान वळते?"

"वळते. दाढी नाही. डावी नाकपुडी मोकळी आहे."

"ते कसं माहीत?"

"उजवी लहानपणापासून चोंदलेली. तीच शिंकरत असतो."

ते हसले. पण लगेच बॅग तिथेच पायरीवर ठेवून वर आले. एवढ्यासाठी मी त्या माणसाला मानते. बरेच जण "बघतो" म्हणाले असते.

वॉर्डात त्यांनी भावाला म्हटलं, "काका, आ करा." भावाने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून जावंसं वाटलं. डॉक्टरांनी बोटं घातली. एक, आणि अर्धं. मग टॉर्च लावला आणि थोडा वेळ आत बघत राहिले.

"सकाळपासून काय खाल्लं?"

"पाणी सुद्धा नाही," भाऊ म्हणाला.

त्यांनी हातमोजा चढवला, बोट गालाच्या आत फिरवलं आणि सुपारीचा ओला, लाल चुरा काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला.

"मग हे काय आहे काका?"

मी फक्त तोंडाचं सांगितलं होतं. हा माणूस थिएटरात जायच्या अर्धा तास आधी संडासात जाऊन पुडी खाऊन येईल असं माझ्याही मनात आलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या सवयीला उपास कळत नाही.

सून उठली. तिने मुलीला कडेवर घेतलं, पदराने तिचं डोकं झाकलं, जसं काही वरून पडतंय, आणि निघाली. दारात थांबून मला म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही सगळ्या वॉर्डासमोर..."

ती तशीच जिना उतरून गेली.

ऑपरेशन रद्द झालं. डॉक्टरांनी भाच्याला समजावलं की अशा तोंडाला नेहमीच्या पद्धतीने नळी जाणार नाही. माणूस जागा ठेवून, नाकातून, लवचिक दुर्बिणीवरून नळी घालावी लागेल. ती दुर्बीण इथे नाही, जळगावातच दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात आहे. पंधरा दिवसांनी तिथे भूल मीच देईन, असं ते म्हणाले. तोपर्यंत तंबाखू बंद आणि पथ्य. भाचा मान हलवत होता, पण त्याचं सगळं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं, बायको उचलत नव्हती.

पंधरा दिवस मी सावद्याला राहिले. सून माहेरी, भाचा बँकेत, घरात आम्ही दोघं. भाऊ माझ्याशी बोलला नाही. मी वरणभात करायची, तो खायचा. दोनदा कळ आली तेव्हा त्याने मला हाक मारली नाही, उशीत तोंड घालून कण्हला. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी जाऊन पाठ चोळली. त्याने हात झटकला नाही, एवढंच. मोटारीच्या खोलीत मी गेले आणि पुड्या काढून विहिरीमागे जाळल्या. वास फार घाण आला.

दुसऱ्या खेपेला भाच्याने बायकोला समजावून आणलं होतं. ती बाहेर बाकावर बसली, मुलीला आईकडे ठेवून आली होती. भावाला आत नेलं. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मला वाटलं माझं काम संपलं.

पाऊण तासाने थिएटरची सिस्टर बाहेर आली. "धुळ्याच्या मावशी कोण?"

आत नेऊन मला टोपी, गाऊन, मास्क घातला. भाऊ टेबलावर उठून बसला होता. नाकात बधिर करायचे थेंब घातले होते, घशात फवारा मारला होता, आणि थुंकी गिळल्याचं कळेना म्हणून तो घाबरला होता. दुर्बीण नाकाशी आणली की हात मारायचा. एका बाजूला पोटाचे डॉक्टर हातमोजे घालून उभे होते, त्यांच्या शेजारी गळ्याला भोक पाडायचं सामान उघडून ठेवलं होतं. ते मी ओळखलं. भावाने ओळखलं नसावं.

"झोपवून टाका मले," तो म्हणत होता. शब्द बोबडे येत होते. "झोपवा, मग काय करायचं ते करा."

"काका, झोपवलं तर तुम्हाला श्वास देता येणार नाही. जागेपणीच करावं लागेल," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. ते किती वेळा हेच सांगून दमले होते ते दिसत होतं.

मी त्याच्या उशाशी गेले. "पड."

"अक्का, गळा बंद झाला माह्या."

"बंद झाला असता तर बोंबलला नसता. पड."

तो पडला. मी त्याचे दोन्ही हात माझ्या दोन हातांत दाबून धरले. प्रेमाने नाही, मारू नये म्हणून.

"आता श्वास घे. मी सांगेन तेव्हा. घे. सोड. घे. बासष्ट वर्षं घेतोय तू, आज काय नवीन शिकवायचंय तुले? घे."

काळी दोरीसारखी दुर्बीण डाव्या नाकपुडीतून आत गेली. शेजारच्या पडद्यावर गुलाबी, ओलं काहीतरी हलत होतं. एकतीस वर्षांत मी ती वाट अशी कधी पाहिली नव्हती. नळी जिथे जाते ते भोक श्वासाबरोबर उघडत होतं, मिटत होतं. तो खोकला. सगळं पांढरं झालं. डॉक्टर थांबले. मी म्हटलं, "घे." पुन्हा दिसलं. दुर्बीण आत उतरली, तिच्यावरून नळी सरकली, भावाचे डोळे पांढरे झाले आणि त्याने माझा अंगठा असा पिरगळला की तो पुढे महिनाभर दुखला. डॉक्टरांनी नळीला फुगा जोडला. छाती वर आली. मशीनवर श्वासाची रेघ उमटली. तेव्हा त्यांनी औषध सोडलं आणि माझा अंगठा सुटला.

"झालं, मावशी. जा तुम्ही."

त्यांचा गाऊन पाठीवर घामाने चिकटला होता. थिएटरात एसी होता.

दोन तासांनी खडे प्लास्टिकच्या डबीत घालून बाहेर पाठवले. सतरा होते, करडे, हरभऱ्याएवढे. भाचा डबी हलवून बघत होता. सुनेने फोटो काढला. नात्यातले आणखी दोघं आले होते, त्यांनी पण बघितले. "एवढे पोटात होते म्हणजे!" असं सगळे म्हणत होते. नाकाचं, नळीचं कोणी विचारलं नाही. दिसण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

भाऊ शुद्धीवर आला, घोगऱ्या आवाजात बोलला, सुनेने त्याच्या ओठाला ओला कापूस लावला. मला बरं वाटलं. मग ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली.

"सगळं नीट झालं बघा, आत्याबाई. हेच पंधरा दिवसांपूर्वी झालं असतं. तुम्ही गप्प राहिल्या असत्या तर घरातला तमाशा तरी टळला असता."

"तेव्हा तो वाचला नसता."

"असं अभद्र कशाला बोलता? आजच्या दिवशी?"

कान निळे पडलेले तिने पाहिलेले नाहीत, आणि पाहू नयेत. ती घरी नांदायला परत आली होती, भाऊ श्वास घेत होता. मला बोल लावल्याशिवाय तिला सासऱ्याला माफ करता आलं नसतं, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, "बरं, चुकलं माझं." ती लगेच नरमली. चहा मागवते म्हणाली.

मी चहा घेतला नाही. पिशवी उचलली आणि धुळ्याची गाडी पकडली. अंगठा सुजला होता, तिकीट डाव्या हाताने घेतलं. पारोळ्यापर्यंत खिडकीतून बघत होते. त्यानंतर झोप लागली.